डिमांडवर छापलेल्या पुस्तकांची कव्हरं आपोआप कापायची आहेत. कसं जमवावं?

पेठेतला_प्रेसवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचा छोटा डिजिटल प्रेस आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडलवर लग्नपत्रिका निघायच्या, आता मागणीप्रमाणे पुस्तकं निघतात. कुणाच्या ५ प्रती, कुणाच्या २५, क्वचित एखाद्याच्या १००. दिवसाला पंधरा-वीस वेगवेगळी शीर्षकं होतात, आणि प्रत्येकाचं कव्हर वेगळ्या जातीचं. एकाला कापायच्या खुणा असतात, दुसऱ्याला ब्लीडच (कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेली छपाई) नसतो, तिसऱ्यानं कोरलमधून ए३ पानाच्या मधोमध चिकटवून पाठवलेलं असतं. कणा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची जाडी, कुणाचा ६ मिमी, कुणाचा १८.

हे सगळं आजवर कटरवरचे मामा निस्तरत आले. चैत्रात ते जोतिबाच्या यात्रेला गेले आणि माझं पितळ उघडं पडलं. म्हटलं, पायथॉन थोडंफार येतंय, करून बघू. स्क्रिप्ट लिहिली: पानाभोवतीचा पांढरा काठ शोधायचा, तो छाटायचा, उरलेल्याचा मध्य काढायचा, तो कणा. दहा फायली झकास निघाल्या. अकरावा होता कवितासंग्रह. पांढरंशुभ्र कव्हर, मुखपृष्ठावर खाली एक पान आणि कवीचं नाव, मागे कोपऱ्यात आयएसबीएनचा बारकोड. स्क्रिप्टनं इमानदारीत मुखपृष्ठाचाही पांढरा भाग काठ समजून छाटला. मध्य सरकला. पंचवीस प्रती बांधून झाल्यावर बघतोय तर कण्यावरचं नाव दीड सेंटिमीटर मुखपृष्ठावर आलेलं. प्रकाशन रविवारी, आणि हे कळलं शनिवारी दुपारी. रात्रभर जागून सगळ्या परत केल्या. कवींना अजून सांगितलेलं नाही.

तर प्रश्न असा: फाईल कशीही आली तरी कव्हर बरोबर जागी कापलं जाईल, अशी सोय कुणी केली आहे का? प्रोग्रॅमेबल कटर घ्यायची ऐपत सध्या नाही.

टिंब

पांढरा काठ शोधणं सोडून द्या. पीडीएफमध्ये ट्रिमबॉक्स नावाची चौकट असते, कापल्यावर किती उरायचं ते सांगणारी, ती वाचा. पण एक खोच आहे. फाईलमध्ये ती नसेल तर बहुतेक लायब्रऱ्या तक्रार न करता क्रॉपबॉक्स (पानाचा दिसणारा भाग) काढून देतात, आणि तोही नसेल तर मीडियाबॉक्स, म्हणजे अख्खं पान. आपल्याला वाटतं ट्रिमबॉक्स मिळाला! म्हणून पानाच्या डिक्शनरीत, म्हणजे फाईलमधल्या त्या पानाच्या नोंदीत, ट्रिमबॉक्स खरोखर लिहिलेला आहे का, ते आधी तपासा. शिवाय मीडियाबॉक्सचा कोपरा (०,०) वरच असतो असं धरू नका, आणि पान फिरवलेलं आहे का तेही बघा.

ट्रिमबॉक्स नसेल तर हिशोब करा. डेमी आकाराचं पुस्तक म्हणजे १३९.७ × २१५.९ मिमी. २१६ पानांचं पुस्तक म्हणजे १०८ कागद, आणि कागद ०.०९ मिमीचा असेल तर कणा ९.७. रुंदी = १३९.७ × २ + ९.७ + दोन्हीकडचा ३-३ मिमी ब्लीड = २९५.१. फाईलची रुंदी याच्या जवळपास असली तर ब्लीडसकट आहे, ६ मिमीनं कमी असली तर ब्लीडच नाही. तेव्हा कडेची ३ मिमीची पट्टी आरशासारखी उलटवून बाहेर जोडा. दोन्हींत बसत नसेल तर स्क्रिप्टनं अंदाज बांधू नये, फाईल बाजूला काढून माणसाला दाखवावी. तुमचं पांढरं कव्हर तिथंच अडकलं असतं.

जुना_बाइंडर

प्रेसवाले, रागावू नका, पण बांधायच्या आधी कव्हर मापात कापायला तुम्हाला सांगितलं कुणी? परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे पानं कण्याशी गोंदानं कव्हरला चिकटवतात त्यात, कव्हर आधी मोठंच ठेवायचं. ब्लॉकही, म्हणजे आतल्या पानांचा गठ्ठा, तिन्ही बाजूंनी ३-३ मिमी मोठा. कव्हर चिकटलं की पुस्तकाच्या तीन बाजू एकदम कापायच्या. पुढची कड कापताना माप कण्यापासून धरतात, म्हणजे डेमी असेल तर कणा ६ असो की १८, माप १३९.७च. सगळ्या डेमी कव्हरांना एकच मोठा तुकडा चालतो, ३१० × २२६ मिमी घ्या. कण्याला साधारण २४ मिमीपर्यंत जागा मिळते, म्हणजे पाचशे पानांपर्यंत काळजी नाही. फक्त कण्याचा मध्य तुकड्याच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. बदलतं काय? क्रीझिंगच्या, म्हणजे कार्ड नीट दुमडावं म्हणून दाबून पाडलेल्या, दोन रेघांमधलं अंतर. बस्स.

१३ × १९ इंची शीट वापरत असाल तर असे दोन तुकडे एकाखाली एक बसतात, आणि कणा शीटच्या लांबीच्या दिशेनं येतो. म्हणून कागद लाँग ग्रेनचाच मागा, म्हणजे ज्याचे तंतू शीटच्या लांबीच्या दिशेनं जातात तो. ग्रेन आडवा असला की ३०० जीएसएमचं कार्ड कण्यावर तडकतं, मग वर लॅमिनेशन असो नसो.

टिंब

काकांनी मुद्द्याला हात घातला. म्हणजे स्क्रिप्टला कापायचं कामच उरत नाही. कण्याचा मध्य शीटवर ठरलेल्या जागी आणायचा आणि वर-खाली, तुकड्याच्या अगदी कडेला, दोन बारीक रेघा मारायच्या. तुकडा २२६ आणि कव्हर ब्लीडसकट २२१.९, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन मिमी मिळतात. तेवढ्यात रेघ बसते, आणि तीन बाजू कापताना गळून पडते.

पेठेतला_प्रेसवाला

काका, तुमचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. नुसते हसले. मग एक कव्हर उचललं, दुमडलं, नखानं मध्य दाबला आणि म्हणाले, ‘तुझ्या खुणा मी कधी बघितल्यात?’ वीस वर्षं शेजारी उभा आहे, मला वाटायचं खुणांवरनं कापतात!

दुसरी चूकही त्यांनीच दाखवली. मी कणा डिझायनरच्या फाईलवरून घेत होतो. एका फाईलमध्ये १२ होता, व्हर्नियर लावला तर ब्लॉक ९.७चा. आता गोदामातल्या प्रत्येक कागदाचे शंभर ताव दाबून मोजतोय आणि जाडीचा तक्ता स्क्रिप्टमध्ये घालतोय. डिझायनरचा आकडा दोन मिमीपेक्षा जास्त चुकला तर फाईल परत पाठवायची.

कालपर्यंतच्या साठ जुन्या फायली नव्या स्क्रिप्टमधून काढल्या. एक्केचाळीस पास, एकोणीस बाजूला. त्या एकोणिसांत आमचे कवीही आहेत. सोमवारी खऱ्या कार्डावर छापतो. क्रीझिंगवर मामाच बसणार म्हणतायत.