ग्रँड कॅन्यन आणि नोहाचा जलप्रलय: पळवाट नसलेले प्रश्न कोणते?

कुतूहल:
पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांचीच आहे असं मानणारे अमेरिकन सृष्टिवादी म्हणतात, ग्रँड कॅन्यन या तिथल्या प्रचंड दरीचे आडवे थर बायबलमधल्या नोहाच्या प्रलयात वर्षभरात बसले आणि पाणी ओसरताना दरी कापली गेली. "एवढं पाणी गेलं कुठे?" विचारलं तर उत्तर तयार असतं: तेव्हा डोंगर बुटके होते, एव्हरेस्ट नंतर वर आलं. "तारवात (नोहाच्या नौकेत) एवढे प्राणी मावले कसे?" तर म्हणे सगळ्या जाती नव्हे, सुमारे १,४०० 'प्रकार' नेले. दोन्हीकडून ते निसटतात. खडकांमधलेच दोन-तीन प्रश्न सुचवा, ज्यांना असं उत्तर देता येणार नाही. आणि अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा दाखला हमखास येतो, त्याचं काय करायचं? बायबलची टिंगल नको आहे.

थरावरथर:
थर किती जाड, हे विचारूच नका. जाड थर भरभर बसू शकतो, ते खुशाल मान्य करा. दोन थरांच्या मधे काय आहे ते विचारा.

कॅन्यनमधला रेडवॉल चुनखडक घ्या. दीडशे ते अडीचशे मीटरचा सरळसोट कडा. (आतून तो राखाडी आहे, लाली वरच्या थरांतून ओघळलेली.) आत क्रिनॉइड (समुद्री लिली म्हणतात ते प्राणी), शिंपले, म्हणजे समुद्रातला. पण त्याच्या माथ्यावर नद्यांची पात्रं कोरलेली आहेत, आत गुहा आहेत, आणि हे सगळं नंतर सरप्राइज कॅन्यन नावाच्या वेगळ्या खडकाने भरलंय. काही पात्रं शंभर मीटरहून खोल. तळाशी गोटे, आणि त्यांत रेडवॉलचेच तुकडे. त्याच खालच्या भागात जमिनीवरच्या झाडांचे अवशेष, आणि वर परत समुद्री शिंपले.

आता क्रम लावा. समुद्रात चुन्याचा गाळ बसला, त्याचा दगड झाला, समुद्र हटला, पावसाच्या पाण्याने दगड विरघळून गुहा झाल्या, नद्या वाहिल्या, समुद्र परत आला. आणि एवढं झाल्यावर सुपाई, हर्मिट, कोकोनिनो, टोरोवीप, कैबाब हे थर वर बसायचे बाकीच! प्रलयवाद्यांच्या मांडणीत हा अख्खा गठ्ठा पाणी चढत असतानाचा. मग प्रश्न एवढाच: गुहा कितव्या दिवशी झाल्या? ओल्या चिखलात गुहा टिकत नाही, छत बसतं.

कोकोनिनो वालुकाश्मातल्या पाऊलखुणांवर मात्र फार वेळ घालवू नका. "उभयचर पाण्याखालून चालले" असं उत्तर येतं. विचारायचंच असेल तर तिथल्या विंचू-कोळ्यांच्या पावलांचं विचारा. हर्मिटच्या माथ्यावरच्या वाळूभरल्या भेगाही सोडा, "भूकंपाने वाळू आत घुसली" म्हणतात आणि वाद लांबतो.

जूल-कॅलरी:
उष्णतेचा हिशेब कागदावर करून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

जुनी कल्पना वाफेच्या छताची: प्रलयाचं पाणी आधी वाफ होऊन आकाशात होतं. पर्वत बुडवायचे सोडा, फक्त १० मीटर पाणी वाफेतून पडलं असं धरा. दर चौरस मीटरवर १०,००० किलो. एक किलो वाफेचं पाणी होताना साधारण २२.६ लाख जूल बाहेर पडतात. गुणाकार २२.६ अब्ज जूल. प्रलयाचा पाऊस ४० दिवसांचा, म्हणजे ३४.५६ लाख सेकंद, त्याने भागा: दर चौरस मीटरला सुमारे ६,५०० वॅट. एवढी उष्णता सतत अवकाशात फेकायची तर स्टेफान-बोल्ट्झमनच्या नियमाने तापमान ५८० केल्व्हिनच्या आसपास हवं, म्हणजे ३०० अंश सेल्सिअसच्या वर. तारवाचं लाकूड पेटेल. शिवाय तेवढी वाफ वर असताना हवेचा दाब जवळपास दुप्पट. बहुतेक सृष्टिवाद्यांनी हे छत आता स्वतःच मोडीत काढलंय, त्यामुळे समोरचा अजून ते धरून आहे का, ते आधी विचारून घ्या.

नवी मांडणी: किरणोत्सर्गी क्षय प्रलयात प्रचंड वेगाने झाला, आजच्या वेगाने सुमारे ५० कोटी वर्षांत होईल तेवढा. हे त्यांच्याच 'रेट' प्रकल्पाचं म्हणणं, २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. क्षयातून निघणाऱ्या उष्णतेचं काय, याचं समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही हे त्यात त्यांनीच कबूल केलंय. वाद घालायची गरजच नाही, तेवढं दाखवा.

काळापत्थर:
कॅन्यन लांब आहे, पुरावा घरचा घ्या. चंद्रपूरजवळ इरईला पैनगंगा चुनखडकावर हिमनदीने ओढलेल्या रेघा आहेत, १९व्या शतकातच नोंदलेल्या. त्या काळच्या हिमगाळाच्या वरच्या थरांत वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा, त्याच्या बऱ्याच वर लामेटा नावाचे गाळाचे थर, आणि सगळ्यावर दख्खनचा लाव्हा. प्रलयाच्या पोटात हिमनदी बसवा म्हणावं.

लामेटामध्ये मध्य प्रदेशातल्या धारकडे डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली (२०२३). यावर "मधेच पाणी थोडं ओसरलं, तेव्हा घातली" असं उत्तर येतं. मग अंड्यांभोवतीचा खडक दाखवा. त्यात कंकर (चुन्याचे खडे) आहे, आपल्या काळ्या मातीत सापडतो तसा. कोरड्या हवेत मातीतलं पाणी वर ओढलं जाऊन, सुकून, चुना साठत जातो तेव्हा कंकर होतो. बुडालेल्या गाळात होत नाही, आठवड्याभरातही होत नाही.

आणि लाव्हा. घाटातल्या रस्त्याच्या कापणीत दोन काळ्या थरांमधे विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो ना? काही पट्टे राखेचे आहेत, पण बरेचसे म्हणजे उघड्यावर झिजलेला बेसाल्टचा माथा, वर पुढचा लाव्हा आल्यावर भाजलेला. पाण्याखाली लाव्हा आला की उशांसारखे गोळे होतात. दख्खनमध्ये ते मोजक्याच ठिकाणी. मुंबईत वरळीला तर लाव्हांच्या मधल्या गाळात बेडूक सापडलेत. खाऱ्या महापुरात बेडूक?

थरावरथर:
सेंट हेलेन्सचं राहिलं. १९८० मध्ये तिथे काही तासांत साडेसात मीटर बारीक थर बसले आणि मार्च १९८२ मध्ये चिखललोटाने दरी कापली, दोन्ही खरं. पण ती भुसभुशीत राख होती. राख भरभर बसते यावर कुणाचाच आक्षेप नाही. चुनखडकात गुहा भरभर होत नाही.

दरी पुराने कापली म्हणाले तर युटातल्या सॅन वान नदीची गूजनेक्स वळणं दाखवा. सुमारे ३०० मीटर खोल खडकात नदी अडीच किलोमीटर पुढे सरकायला जवळपास दहा किलोमीटर वळसे घेते. लोंढा सरळ जातो, असे वेढे घेत बसत नाही.

टिंगल नको म्हणालात म्हणून एक नाव देतो: अ‍ॅडम सेजविक. चर्चचा दीक्षित पाद्री आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष. जमिनीच्या वरवरचे गाळ नोहाच्या प्रलयाचे, हे आपलं मत त्याने १८३१ मध्ये सोसायटीपुढे जाहीरपणे मागे घेतलं. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा २८ वर्षं होती.