कंपन्यांच्या भरवशावर पर्यावरण खरंच सुधारू शकते का? कापसाच्या प्रोजेक्टवर काम करते म्हणून विचारतेय

बोंडफूल (राळेगाव, यवतमाळ)
नमस्कार मंडळी. मी बीएस्सी ॲग्री केलं आणि चार वर्षं झाली एका कापसाच्या प्रोजेक्टवर फील्डला आहे. पैसा बाहेरच्या एका कपड्याच्या कंपनीचा, काम इथल्या संस्थेचं. माझ्याकडे आठ गावं. फवारणी कमी करा, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, लिंबोळी अर्क घरीच करा, फरदड (वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक) ठेवू नका नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या सालापर्यंत जगते, हे सांगत फिरायचं आणि प्रत्येक कास्तकाराची डायरी भरून घ्यायची.

काम चांगलं आहे हे आधीच सांगते. 2017 ला मी बारावीत होते. त्या साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात 20 च्या वर माणसं गेली. मामाच्या गावचा एक जण आठ दिवस दवाखान्यात होता, दिवसा उजेडी मला दिसत नाही म्हणून रडायचा. आज माझ्या गावांत बरेच जण तोंडाला बांधल्याशिवाय, हातमोजे घातल्याशिवाय पंप पाठीवर घेत नाहीत आणि ते या प्रोजेक्टमुळेच झालं.

पण मागच्या आठवड्यात रात्री स्वयंपाकघरात बसून मी चाळीस डायऱ्या भरत होते. तारखा माझ्या, अक्षर माझं, एकाच निळ्या पेननं सगळं, खाली फक्त कास्तकाराची सही. हंगामात त्यांना लिहायला वेळ नसतो आणि ऑडिटला डायरी कोरी चालत नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, बाई हे लिहून कापसाला किती जास्त भेटन? पहिल्या साली जास्तीचा भाव दिला होता, दुसऱ्या साली अर्धा दिला, यंदा बाजार मंदा आहे असं कळवून टाकलं. मला उत्तरच देता आलं नाही, पाणी प्यायले आणि निघाले.

म्हणून विचारते, नफ्यासाठी चालणारी कंपनी आतून बदलून जमीन-पाणी वाचवण्याचं काम खरंच करू शकते का? की बाजार पडला की आपण पहिले कापले जाणार हे धरूनच चालायचं?

---

धुऱ्यावरचा (हिंगणघाटकडचा कास्तकार)
ताई, मी अशाच एका सेंद्रिय गटात होतो, तर मले जे दिसलं ते सांगतो. पहिले दोन साल रूपांतराचे, म्हंजे खत नाही औषध नाही, झडती म्हंजे उत्पन्न कमी, अन् भाव मात्र साध्याच कापसाचा. कर्ज काढून ते दोन साल काढले. मंग शिक्का भेटला, एक साल बरा गेला. त्यानंतर 2020 मधी जीओटीएस म्हणते ना, सेंद्रिय कापडाचा शिक्का देणारे, त्याईनच सांगितलं का भारतातल्या 20,000 टन कापसाचे सेंद्रियचे कागद बनावट निघाले. कागद कोणाचे खोटे अन् मार कोणाले, ज्यानं खरंच डवरे मारून, निंदण करून पीक काढलं त्याच्याकडं पण लोक संशयानं पाहाले लागले. आमचा गट मोडला, कंपनीचा माणूस येणं बंद झाला.

पण एक सांगतो. कंपनी गेली तरी मी युरिया पहिल्याइतका टाकत नाही. पाऊस पडून वाफसा झाला का वावरात वखर कसा चालते ते पायाले समजते, पहिले ढेकळं निघे, आता माती भुसभुशीत पडते अन् तासात गांडूळ दिसते. हे मले त्याच प्रोजेक्टनं शिकवलं, नाही म्हणत नाही. पण त्या दोन सालाचा तोटा मी एकट्यानं भरला, त्यात कंपनीचा एक रुपया नव्हता. तुमच्या प्रोजेक्टात तो तोटा कोण भरते ते पाहा पहिले.

---

संत्रानगरी (नागपूर)
काकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी एक्स्पोर्टच्या लाईनमध्ये आहे, कंपन्यांकडचं थोडं सांगतो.

करणारे खरंच आहेत. अमेरिकेतली कपड्यांची कंपनी पॅटागोनिया घ्या. तिचा मालक आधी गिर्यारोहणाचे पोलादी खिळे बनवायचा, धंदा त्याच्यावरच चालायचा, पण खिळे ठोकून ठोकून कडे फुटतायत हे त्याला स्वतः चढताना दिसलं, मग 1972 पासून हातानं बसवायचे ॲल्युमिनियमचे तुकडे विकायला काढले आणि खिळ्यांचा धंदा कमी करत नेला. पुढे 1988 मध्ये त्यांच्या बोस्टनच्या दुकानात कामगारांची डोकी दुखायला लागली, शोधलं तर सुती कपड्यांवरच्या फॉर्मल्डिहाइडचा त्रास निघाला, तिथून कापूस कसा पिकतो हे बघत बघत 1996 पर्यंत सगळा सुती माल सेंद्रिय केला. म्हणजे ताई, तुम्ही ज्या फवारणीबद्दल लिहिलं तिथपर्यंत एक कंपनी स्वतःच्या पायानं पोचली होती. 2022 मध्ये मालकाच्या कुटुंबानं अख्खी कंपनीच एका ट्रस्टला आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली.

आता दुसरी बाजू. फ्रान्सची डॅनोन, दूध-दह्याची मोठी कंपनी. तिच्या प्रमुखानं 2020 मध्ये भागधारकांकडून ठराव करून घेतला की समाज आणि पर्यावरण हे पण कंपनीचं उद्दिष्ट राहील, आणि नऊ महिन्यांच्या आत, मार्च 2021 मध्ये, त्यालाच काढलं, कारण शेअरचा भाव मागे पडला म्हणून काही गुंतवणूकदार मागे लागले होते. मला दोन्हीत फरक एवढाच दिसतो की पॅटागोनिया एका घराची होती, डॅनोन बाजारात होती. मालकाचं मन असेल तोवर चालतं. आणि तुमच्या कंपनीचा मालक कोण आहे हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? बहुतेक नसेल.

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. चांगलं आहे, शाळा होतात, तलाव खोल होतात. पण तो नफा कमावताना काय काय केलं हे त्या 2 टक्क्यांत कुठंच विचारलं जात नाही.

---

काळी_माती (चंद्रपूर)
मालक खाजगी की सरकारी याच्यावर मी जास्त भर देणार नाही. आमच्याकडे सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी झटकून घ्यावा लागतो. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सगळ्यात प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं, आणि इथला सगळ्यात मोठा वीज प्रकल्प सरकारी मालकीचा आहे. कोळशावरच्या वीज प्रकल्पांनी सल्फर रोखायची यंत्रं बसवावीत असा नियम डिसेंबर 2015 ला निघाला, दोन वर्षांची मुदत होती, ती वाढवत वाढवत नेली आणि जुलै 2025 ला देशातल्या बहुतेक प्रकल्पांना सूटच दिली. ज्यांनी वेळेत पैसा घालून यंत्र बसवलं त्यांचं काय झालं सांगा? त्यांची वीज महाग पडली.

नियम पक्का असला तर कंपन्या वळतात. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूचं बघा, अमेरिकेतली ड्युपाँट कंपनी सगळ्यात मोठी उत्पादक, आधी विरोधातच होती, 1987 चा माँट्रियल करार झाला आणि 1988 मध्ये तिनंच उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. पर्याय तिच्या हातात होता, आणि सगळ्यांनाच बंद करावं लागणार हे दिसलं होतं. एकटीला कोणी सोडायला लावलं असतं तर सोडलं नसतं.

---

मोहाचं_फूल (गोंडपिपरी)
मी जरा वेगळं लिहिते, लांब झालं तर माफ करा. आमच्या तालुक्यात पाचगाव म्हणून गाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 ला त्यांना हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू ते स्वतः तोडतात, स्वतः लिलाव करतात, पैसा ग्रामसभेत येतो. म्हणजे धंदाच करतात, व्यापारी येतात, भाव ठरतो, सगळं बाजारातलंच आहे. पण तेंदूपत्ता त्यांनी बंद केला. आपल्याकडे उन्हाळ्यात रोकड म्हणजे तेंदू, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नवीन पानं फुटावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आग लावतात, आणि मग टेंभरं (तेंदूची फळं) ना माणसाला खायला मिळतात ना पाखरांना. ग्रामसभेत बसून त्यांनी ठरवलं की हा पैसा नको.

संत्रानगरी दादांनी खिळ्यांचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं, तिथं मालकाला कडा फुटताना दिसला, इथं जंगल जळताना गावाला दिसलं. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 ला हक्क मिळाला तरी बांबूच्या वाहतुकीचे पास गावाच्या हातात यायला 2011 उजाडलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. तोवर गावाला आपलाच बांबू विकता येत नव्हता.

ताई, तुमच्या प्रोजेक्टात वाईट मला एवढंच वाटतं की फवारणी किती, भाव किती, थांबायचं कधी, हे सगळं दूर कुठंतरी ठरतं आणि सही म्हाताऱ्या बाबांची असते. मी बचत गटाच्या डाळ मिलचं काम बघते, आम्ही पण कंपनीलाच माल देतो, पण भाव आणि किती साल घेणार हे आधी कागदावर घेतो. एका कंपनीनं नाही म्हटलं तर दुसरीकडे गेलो. तुमच्या कास्तकारांकडे असा कागद आहे का?

---

बोंडफूल
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं.

मोहाचं फूल ताई, कागद नाही. आज ऑफिसात विचारलं. करार आहे पण तो कंपनी आणि संस्थेचा, कास्तकार त्यात कुठंच नाही, फक्त जोडलेल्या यादीत नावं आहेत आणि जास्तीच्या भावापुढे "बाजारस्थितीनुसार" एवढंच लिहिलंय. हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं याचं फार वाईट वाटलं.

धुऱ्यावरचे काका, तोटा कोण भरते तुम्ही विचारलं. कास्तकारच भरतो.

दोन गोष्टी ठरवल्या आहेत. डायऱ्या आता मी भरणार नाही. गावात रविवारी मारुतीच्या पारावर बसून ज्याची त्यानं सांगायची, त्याच्या पोरीनं किंवा पोरानं लिहायची, अर्धी कोरी राहिली तर राहू दे, ऑडिटवाल्यांना मी तसंच सांगीन. आणि करारातलं ते वाक्य मराठीत करून आठही गावांत वाचून दाखवणार, म्हाताऱ्या बाबांच्या गावापासून सुरुवात. पुढच्या हंगामात सही करायची तर किमान तीन सालाचा भाव लिहून द्या, असं गटानं म्हणावं असं मला वाटतं, पण म्हणायचं त्यांनी. नोकरीचं काय होईल ते होईल, घरी सांगून ठेवलंय.

ताई, तुमच्या डाळ मिलच्या कराराचा नमुना मिळेल का? नावं-आकडे काढून टाकले तरी चालेल.