मदत हवी आहे: रावेरची केळी कोणत्या शेतीप्रकारात?

एम.ए. भूगोलाच्या प्रकल्पात रावेर-यावलची केळी घेतलीय. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ व्हिटलसीच्या १९३६ च्या, जगातल्या शेतीच्या वर्गीकरणातल्या १३ प्रकारांपैकी ती कुठे बसवायची, तिथे अडलेय. एकच पीक, माल ट्रकने थेट दिल्लीकडे, म्हणून आधी मळ्याची शेती (प्लँटेशन) लिहिलं. पण शेजारच्या काकांचं शेत जेमतेम तीन एकर, ठिबकच्या नळ्या ते स्वतः साफ करतात, मजूर येतात ते घड कापायच्या दिवशी. चहामळ्यासारखी वसाहत, भांडवल कुठेय? उदरनिर्वाहाची सखोल शेती म्हणावं तर सगळी केळी बाजारातच जाते. जुने प्रकल्प चाळले; सगळे 'नगदी पीक' लिहून मोकळे होतात. ते पिकाचं वर्णन झालं, शेतीप्रकाराचं नव्हे! वर्गीकरण बदलता येणार नाही. मग फलोद्यान शेती हाच प्रकार धरू का, आणि जमिनीचा आकार की बाजार, कोणता निकष आधी लावायचा?