टिकणारे समाधान : सोलापूरकरांचे अनुभव

घर झाले, गाडी आली, मुलाला नोकरी लागली, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची नवलाई ओसरली, हा अनुभव बहुतेकांचा आहे. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह लॉटरी जिंकलेल्या 22 जणांची तुलना 22 सर्वसामान्य माणसांशी केली, तेव्हा विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. मग न ओसरणारे समाधान रोजच्या दिवसात कोठून येते? सोलापुरात राहणाऱ्यांनी आपण प्रत्यक्ष काय करतो ते लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर :
यजमान गेल्यानंतरचे पहिले वर्ष मी टीव्हीसमोर काढले. एके रविवारी खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी 'मावशी, शेंगाचटणी शिकवा' असा हट्ट धरला आणि माळ्यावरचे दगडी उखळ खाली आले. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटत राहिले की बऱ्याच वेळाने दाण्यांना तेल सुटते आणि कोरडा कूट हळूहळू गोळा होऊ लागतो. तो वास जिन्यापर्यंत जातो. आता आम्ही दोघी दर रविवारी बसतो. तिचे शिकून केव्हाच झाले आहे, तरीही ती येते, याचे मला फार अप्रूप वाटते.

यंत्रमाग कामगार, अशोक चौक परिसर :
आमच्या घरी तेलुगू बोलतात. आजोबांपासून सगळे मागावरच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान आहे, परंतु अभिमानाने घरातली कुरबुर थांबत नाही. पूर्वी एका मालकाकडे माझा बोनस बुडाला आणि तो राग मी कित्येक महिने घरी आणून मुलांवर काढला, हे लिहिताना आजही लाज वाटते. वडिलांची दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांचे काम सुटले आहे. म्हणून पाळी संपल्यावर मी कापडाचा एखादा टाकाऊ तुकडा घरी नेऊ लागलो. ते डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवतात आणि 'इथे बाणा (आडवा धागा) सैल पडला' असे सांगतात. बहुतेक वेळा त्यांचे बरोबर असते, आणि दुसऱ्या दिवशी मी धोट्यातला, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या भागातला, ताण नीट करतो. या अर्ध्या तासात मुलेही शेजारी येऊन बसतात. बुडालेले पैसे मिळाले नाहीत, पण त्यांचा विषय आता घरात निघत नाही.

बँक कर्मचारी, होटगी रस्ता :
एक गोष्ट आवर्जून लिहितो. माझी झोप उडाली होती, जेवणावरची वासना गेली होती आणि 'आनंदी राहा' हा सल्ला त्या काळात जखमेवर मीठ वाटे. मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारांनी मी सावरलो. सिद्धेश्वर तलावाकाठी रोज चालणे त्यानंतर सुरू झाले, आणि ते आजही चालू आहे. आजार असेल तेथे आधी डॉक्टर गाठावा.

व्यापारी :
मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे खांद्यावर पेलायच्या उंच मानाच्या काठ्या, 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा पांढरी बाराबंदी घालून मीही चालतो. यात्रेचा दिवस डोळ्यांत साठवण्यासारखाच असतो, परंतु मला त्याआधीच्या सरावाची अधिक ओढ आहे. वर्षभर व्यवहारात ज्यांच्याशी खटके उडतात तेच तेथे शेजारी असतात, आणि ध्वज कलला की प्रथम कोणाचा हात पुढे आला याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

विडी कामगार महिलेची मुलगी, अकरावी :
आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. दिवसाला हजार विड्या व्हाव्या लागतात. आई मांडीवर सूप घेऊन वळत बसते, तेव्हा मी शेजारी बसून मोठ्याने वाचते. गेल्या आठवड्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी वाचले. 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि 1942 साली तेथेच वारले. ते आपल्या सोलापूरचे, हे ऐकताच आईचे हात थांबले. 'पुन्हा वाच,' ती म्हणाली. त्या रात्री विड्या थोड्या कमी भरल्या, तेव्हा आईने उरलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि 'उद्या पुढचे वाच' असे सांगितले.