पाणाड्याचा दावा तपासायचा, तर चाचणी कशी आखावी?

माळरान (प्रश्न)
नमस्कार. नववी-दहावीच्या मुलांसाठी आमच्या विज्ञान मंडळाला 'दावा कसा तपासावा' हा उपक्रम घ्यायचा आहे. विषय मुद्दाम गावातलाच निवडलाय : पाणाड्या, म्हणजे जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा. आडवा नारळ तळहातावर उभा राहिला किंवा कडुलिंबाचं दुबेळकं (दोन फाटे असलेली काटकी) खाली वळलं की तिथं बोअर मारायची. 'दहातल्या आठ बोअरना पाणी लागतं' असं गावात सगळेच सांगतात. तेवढ्यावर विद्या सिद्ध होते का? नसेल, तर कोणती चाचणी घ्यावी? नवीन बोअर मारण्याचा खर्च झेपणार नाही.

कातळपाणी
दहातले आठ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. पाणाड्याला न विचारता मारलेल्या किती बोअरना पाणी लागलं, तो आकडा शेजारी हवा. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टचा. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळपास नसतंच. ते असतं मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांत. ओढ्याकाठच्या सखल रानात मुरूम जाड असेल तर कुठंही भोक पाडा, थोडंफार पाणी लागतंच. म्हणून तुलना करताना सखल रान सखल रानाशी आणि माळ माळाशी लावा.

खरी गोची 'लागलं' या शब्दात आहे. ड्रिलिंगवाला 'दोन इंची पाणी' म्हणतो ते कॉम्प्रेसरनं उसळलेलं पाणी डोळ्यांनी बघून. मोजायचं तर पंप निदान तासभर चालवा, मग २०० लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो ते बघा. ४ मिनिटं लागली तर ताशी ३००० लिटर. मे महिन्यात पुन्हा मोजा. कितीला 'यश' म्हणायचं ते यादी करायच्या आधी लिहून ठेवा, नाहीतर आकडे बघून व्याख्या सरकते.

यादी गेल्या ५ वर्षांतल्या सगळ्या बोअरची करा : खोली, जागा कुणी दाखवली, मे महिन्यातलं पाणी. फेल गेलेली बोअर शेतकरी सहसा सांगत नाही, पण ड्रिलिंगवाल्याच्या बिलांत ती सापडते. त्याचे पैसे फुटावर असतात, पाणी लागो न लागो.

नाणेफेक
वरची यादी घ्याच, पण तिच्यात जागेची निवड पाणाड्यानं डोळ्यांनी केली की नारळानं, हे वेगळं काढता येत नाही. त्यासाठी आंधळी चाचणी लागते, म्हणजे उत्तर पाणाड्यालाही माहीत नसतं आणि त्याच्याजवळच्या कुणालाही नाही.

अर्धा मीटर खोल २ इंची पीव्हीसी पाइप पुरा. पाणी उंचावरच्या टाकीतून आपोआप येऊ द्या. मोटार लावली तर तिचा आवाजच उत्तर सांगतो. पाणी बाहेर पडतं ते तोंडही लांब ठेवा, सांधे गळत नाहीत ना ते आदल्या दिवशी बघा. प्रत्येक फेरीआधी नाणं उडवा : छापा आला तर व्हॉल्व्ह उघडा, काटा आला तर बंद. बंद केल्यावर पाइप पूर्ण रिकामा करा, नाहीतर 'आत साचलेलं पाणी दाखवलं' ही सबब शिल्लक राहते. व्हॉल्व्हवरचा माणूस आडोशाला हवा, आणि पाणाड्यासोबत उभ्या असलेल्या नोंदणाऱ्यालाही उत्तर माहीत नको. नकळत चेहरा बोलतो.

सुरुवातीच्या ३-४ फेऱ्या उघड घ्या : 'आता पाणी वाहतंय, नारळ उठतो का?' तो म्हणाला 'उठतो, इथं अडचण नाही', की सही घ्या. मग २० आंधळ्या फेऱ्या. नुसत्या नशिबानं २० पैकी १५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के, १६ किंवा जास्तची ०.६ टक्के. मर्यादा १६ ठेवा, आणि आधीच जाहीर करा. १५ वर थांबलात आणि १० पाणाडे बोलावलेत, तर त्यातला निदान एक निव्वळ योगायोगानं पास होण्याची शक्यता जवळपास पाचात एक आहे.

हीच चूक जर्मनीत मोठ्या प्रमाणावर झाली. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप दर वेळी वेगळ्या जागी सरकवायचे, वरच्या मजल्यावर पाणाडे जागा सांगायचे. ४३ जण, ८४३ फेऱ्या. बहुतेकांना काही जमलं नाही, तरी संशोधकांनी वरचे मोजके लोक निवडून 'यांच्यात विद्या आहे' म्हटलं. निकाल बघून निवडलेले लोक पुरावा होत नाहीत. त्यांची नव्यानं चाचणी घ्यायला हवी होती.

माळरान
दोन शंका. पाणाडे म्हणतील, पाइपातलं पाणी म्हणजे जमिनीतला झरा नव्हे. आणि गावकरी म्हणतील, सर्वेक्षण करून मारलेल्या बोअरही फेल जातात, मग फरक काय?

कातळपाणी
पहिलीवर उपाय आहे, तोही बिनखर्चाचा. एकाच शेतात ५ जागा दाखवू द्या. दोन बांधांपासून टेपनं अंतरं मोजून नोंदवा, खुणा पुसा. दुसऱ्या दिवशी डोळे बांधून, वेगळ्या दिशेनं तेच शेत चालायला लावा. दुसरा पाणाडा स्वतंत्रपणे आणा. झरा जागचा हलत नाही, तेव्हा खुणा दोन-तीन मीटरच्या आत जुळायला हव्यात. जुळल्या म्हणून पाणी सिद्ध होणार नाही. पण जुळल्याच नाहीत तर दावा तिथंच पडतो. डोळे बांधायचेच, कारण उंबर, वारूळ, हिरवळ या खुणा त्याला दिसतात आणि त्यांना खरोखर काही अर्थ असू शकतो. वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल या भूजलावरच्या अध्यायात अशाच झाडांच्या आणि वारुळांच्या खुणा दिल्यात. ते निरीक्षण आहे, नारळाचं श्रेय नाही.

दुसरी शंका रास्त आहे. विद्युतरोध सर्वेक्षणात, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजताना, चार सळया रोवतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडून आतल्या दोनमधला विद्युतदाब मोजतात. सळयांतलं अंतर वाढवत नेलं की खोलवरचा अंदाज येतो. पण चिकणमातीचा थरही ओल्या मुरमासारखाच कमी रोध दाखवतो, तिथं फसगत होते. फरक असा, की कोणत्या खोलीवर कोणता थर मिळेल हे कागदावर आधी असतं. बोअर फेल गेली तरी दर दहा फुटांची चुरी पिशवीत भरून ठेवली, तर अंदाज नेमका कुठं चुकला ते कळतं आणि पुढचं गणित सुधारतं. पाणाड्याची बोअर फेल गेली की 'दोन फूट बाजूला मारलीत' एवढंच ऐकू येतं, आणि ते कधीच तपासता येत नाही.

लंबक
एक विनंती : पाणाड्याला मुलांसमोर लबाड म्हणू नका. बहुतेक जण मनापासून बोलतात. अपेक्षा असली की हाताचे स्नायू कळत नकळत हलतात, आणि तळहातावर तोल सावरणारा नारळ इतका अस्थिर असतो की तेवढं पुरतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये लंबकावर हे दाखवलं होतं. मुलांकडून करून घ्या : हातभर दोऱ्याला नट बांधा, कागदावर एक सरळ रेघ ओढा, कोपर न टेकता नट रेघेवर धरा आणि 'रेघेच्या दिशेनं झुलेल' असं सांगा. बहुतेकांचा झुलतो. आता डोळे बांधून कागद न सांगता ९० अंशांत फिरवा आणि झोका कोणत्या दिशेनं राहतो ते दुसऱ्या मुलानं लिहावं.