अनुभव धागा : एमजीवाल्यांचे क्लब

ब्रिटिश गाड्यांच्या हौशी मंडळांत मराठी माणसे मोजकी असली, तरी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते, म्हणून हा धागा. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅराजेसमध्ये सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी स्पोर्ट्स बॉडी चढवायला सुरुवात केली, त्यातून एमजी जन्मली. 1929 मध्ये कारखाना ॲबिंग्डनला हलला आणि पुढच्याच वर्षी गाडीमालकांनी स्टीव्हनेजजवळच्या रोबक इनमध्ये जमून एमजी कार क्लब स्थापन केला. त्याचे पहिले सचिव जॉन थॉर्नली पुढे कारखान्यातच नोकरीला लागले आणि 1952 मध्ये त्याचे व्यवस्थापक झाले. गिऱ्हाइकांनी कारखान्याला साहेब पुरवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आपापल्या भागातील क्लबचा इतिहास आणि त्यातला आपला अनुभव, दोन्ही लिहावे.

मॅसॅच्युसेट्सहून :
आमचा न्यू इंग्लंडमधील क्लब साठच्या दशकात सुरू झाला आणि त्याने आपले लक्ष एमजीच्या टी मालिकेतल्या जुन्या गाड्यांवर ठेवले. यामागे युद्धाचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना या छोट्या, उघड्या गाड्यांची भुरळ पडली. 1945 ते 1949 या काळात तयार झालेल्या या मालिकेतल्या सुमारे दहा हजार टीसी गाड्यांपैकी दोनेक हजार अमेरिकेत आल्या, त्याही सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या, कारण डाव्या हाताची टीसी कारखान्याने काढलीच नाही. भारतात गाडी शिकल्यामुळे मला मात्र त्याचे काही वाटले नाही. कोडे पडले ते इंजिनाच्या बोल्टांचे. त्यांचे आटे मेट्रिक आणि डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा आटे पाडणारी यंत्रे फ्रेंच मापाची होती. ब्रिटिश मिस्त्र्यांचे पाने चालावेत म्हणून फक्त डोकी बदलली. असा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तो मला क्लबातल्या एका आजोबांच्या बिस्किटाच्या डब्यात मिळाला आणि हा सगळा इतिहास त्यांनी बोल्ट बोटांत फिरवत सांगितला.

ऑक्सफर्डशायरहून :
येथील जुने सभासद सप्टेंबर 1979 चा विषय निघाला की अजूनही चिडतात. ॲबिंग्डनमधल्या पन्नास वर्षांचा उत्सव गावाने थाटात साजरा केला आणि लगेच सोमवारी कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर 1980 मध्ये त्याला टाळे लागले. त्याआधीच, साठच्या दशकाच्या अखेरीस, कंपनीने क्लबचा आधार काढून घेतला होता. माझ्या मते ते क्लबच्या पथ्यावरच पडले, कारण कारखाना गेला तेव्हा त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहायची सवय झालेली होती. माझी एमजीबी (टी मालिकेनंतरचे एमजीचे एक मॉडेल) मी एका गॅरेजमधून ‘पूर्ण दुरुस्त’ म्हणून घेतली. क्लबातल्या बाईंनी खिशातून लोहचुंबक काढून दाराखालच्या पट्टीवर टेकवले, तर ते चिकटेना. गंजलेल्या पत्र्याच्या जागी नुसती पुट्टी आणि वर रंग! शेवटी मूळ साच्यांवर नव्याने काढलेली बॉडी घेतली. 1988 पासून अशा बॉडी मिळू लागल्या नसत्या, तर निम्म्या एमजीबी भंगारात गेल्या असत्या.

कोल्हापूरहून :
माझी स्वतःची एमजी नाही. वडिलांचे अँबॅसिडर दुरुस्तीचे गॅरेज होते. बर्मिंगहॅमला बहिणीकडे गेलो असता मेहुण्यांनी आम्हा दोघांना क्लबच्या मेळाव्याला नेले. तेथे एका एमजीएचे (एमजीबीच्या आधीच्या मॉडेलचे) बॉनेट उघडताच वडील म्हणाले, ‘‘अरे, हे तर आपलंच इंजिन!’’ ते खरेच होते, कारण जुन्या अँबॅसिडरमध्ये आणि पहिल्या एमजीएमध्ये 1489 सीसीचे एकाच घराण्यातले बी-सिरीज इंजिन आहे. इंग्रजी फारसे येत नसताना त्यांनी नुसत्या आवाजावरून दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) ढिला असल्याचे खुणेने सांगितले आणि पाना मागून घेतला. त्यानंतर बाकीच्यांनीही आपापल्या गाड्यांची बॉनेटे उघडली, आणि आमचे जेवण राहून गेले.

न्यू जर्सीहून :
क्लबातल्या जातिभेदाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. अमेरिकी सुरक्षा नियमांमुळे 1974 मध्ये एमजीबीला चकचकीत क्रोम बंपरांच्या जागी जाड काळे रबरी बंपर आले, तिची उंची वाढली आणि पुढे येथे येणाऱ्या गाड्यांतले एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर जाऊन स्ट्रॉमबर्ग बनावटीचा एकच उरला. माझी गाडी 1977 ची. क्रोम बंपरवाले तिच्याकडे पाहून अजूनही नाक मुरडतात. मात्र तरुणांना परवडते ती हीच. मी सध्या खजिनदार आहे आणि नव्या सभासदांची वर्गणी निम्मी करावी, असा ठराव मी मांडला आहे. क्रोमवाले विरोधात आहेत. मतदान पुढच्या सभेत होईल.