वॉशिंग रॅम्पचं पाणी सेपरेटरमधूनही दुधाळच येतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

खाणींना यंत्रसेवा देणाऱ्या कंपनीत मी काम करतो. खाण आमची नाही. डंपर, एक्स्कॅव्हेटर, ड्रिल यांची देखभाल-दुरुस्ती आमच्याकडे. चार महिन्यांपूर्वी वर्कशॉपच्या पर्यावरणाचं काम माझ्याकडे आलं.

अडचण वॉशिंग रॅम्पची आहे. दुरुस्तीला आलेली गाडी आधी प्रेशरने धुतो. चिखल, ग्रीस, हायड्रॉलिक ऑइल सगळं पाण्याबरोबर गाळाच्या टाकीत जातं, तिथून पंपाने ऑइल सेपरेटरमध्ये आणि मग नाल्यात. दर आठवड्याला सेपरेटरमधलं वरचं तेल काढून ड्रममध्ये भरतो, नोंदही ठेवतो. तरी बाहेरचं पाणी दुधाळच. परवा ते काचेच्या बरणीत भरून रात्रभर टेबलावर ठेवलं. सकाळी तळाशी बोटभर गाळ होता, वर तेलाचा नुसता तवंग, आणि मधलं पाणी तसंच पांढुरकं. नाल्याकाठच्या गवताला हात लावला की बोटं बुळबुळीत होतात.

साहेब म्हणतात, नाला खाणीच्या हद्दीत, तो त्यांनी बघावा. खाणीवाले म्हणतात, रॅम्प तुम्ही चालवता. करारात एकच ओळ आहे : ‘कंत्राटदाराने पर्यावरणाचे नियम पाळावेत.’ तो नाला पुढे ओढ्याला मिळतो आणि ओढ्यावर जनावरं पाण्याला येतात. मी रोज बघतो ते. त्यामुळे ही टोलवाटोलवी मला सहन होत नाही.

सेपरेटर बदलावा लागेल का? आणि करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

प्रतिसाद १

सेपरेटरला हात लावण्याआधी डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारं साबणासारखं रसायन, कोणतं वापरता ते बघा. बरणीचं वर्णन वाचून इमल्शन झालंय, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून राहिलेत, असं वाटतं. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याचा थेंब वर येतो, एवढ्यावरच सेपरेटर चालतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर यायचा वेग चौथाई होतो. साधे सेपरेटर साधारण १५० मायक्रॉनचा थेंब धरून आखतात. साबणाने फोडलेले थेंब त्याहून फार बारीक, ते तरंगायच्या आत बाहेर पडतात. सेंट्रिफ्यूगल पंप (फिरत्या पंख्याने पाणी फेकणारा) असेल तर तोही तेल घुसळतो. शक्यतो पाणी उताराने न्या, नाहीतर डायफ्राम पंप (पडदा मागेपुढे हलवून पाणी ढकलणारा) लावा.

डिटर्जंट लवकर तेल सोडणारं घ्या, ‘क्विक ब्रेक’ म्हणून मिळतं. धुण्याआधी ग्रीसचे गोळे पत्र्याने खरवडून काढा. कोरडं काढलेलं ग्रीस पाण्यात जातच नाही. आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, रॅम्पवर अजिबात सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, कुठलाही सेपरेटर ते धरू शकत नाही.

प्रतिसाद २

कराराचं बोलतो. खाणीकडे आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) असेल तर २०१५च्या आवृत्तीनुसार बाहेरून करून घेतलेल्या कामांवरही त्यांना नियंत्रण किंवा प्रभाव ठेवावाच लागतो. तुमच्या कंपनीकडे असेल तर रॅम्प हा तुमचाच विषय झाला. म्हणजे दोघांनाही अंग काढून घेता येत नाही, आणि हेच साहेबांना दाखवा.

‘नियम पाळावेत’ या ओळीने काही होत नाही. पाणी कुठल्या चेंबरपाशी तुमच्या ताब्यातून त्यांच्या ताब्यात जातं, तो बिंदू नकाशावर मारून घ्या. तिथला नमुना कोण घेणार, किती दिवसांनी, तेल-ग्रीस, पीएच आणि तरंगते घन पदार्थ यांची मर्यादा किती, गाळ कोण उचलणार, खर्च कोणाचा, हे सगळं लिहून घ्या. नाल्याचा वरच्या अंगाचाही एक नमुना आजच घेऊन ठेवा. वरून काय येत होतं हे उद्या तोंडी सांगून कोणी मानत नाही.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. आज स्टोअर उघडून बघितलं, तीन वेगवेगळी डिग्रीझर निघाली. दोन बरण्यांत सारखं पाणी आणि सारखं जुनं हायड्रॉलिक ऑइल घेतलं, एकीत रोजचं डिग्रीझर टाकलं, दोन्ही सारख्या हलवल्या. साध्या बरणीत अर्ध्या तासात तेल वर आलं. दुसरी संध्याकाळपर्यंत पांढरीच होती. दोन्ही बरण्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आलोय. करार घेऊन उद्या बसू म्हणाले.

पंप सेंट्रिफ्यूगलच निघाला. उताराचं बघतोय, पण गाळाची टाकी आणि सेपरेटर यांच्या पातळीत जेमतेम दीड फुटाचा फरक आहे. एवढ्या उतारावर कोणी लाइन टाकली आहे का? पाइपात गाळ बसतो का?